नऊ हा जादूचा अंक नाही

नऊच्या पाढ्यातली कुठलीही संख्या घ्या, अंकांची बेरीज करत जा, शेवटी ९ च उरतो. त्यावरून नवाला ‘पूर्ण अंक’, ‘दैवी अंक’ वगैरे ठरवणारे मेसेज वर्षानुवर्षे फिरताहेत. गणित बरोबर आहे, निष्कर्ष चूक.

आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो, म्हणजे आपला ‘पाया’ १० आहे. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की बाकी नेहमी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज केल्याने ९ ने येणारी बाकी बदलत नाही. श्रेय नवाचं नाही, दहा वजा एकचं आहे.

आता पाया ८ घ्या, म्हणजे अंक फक्त ० ते ७. सात पंचे पस्तीस. पस्तीसमध्ये चार आठ आणि वर तीन, म्हणून ती ४३ अशी लिहायची. ४+३=७. साता सक बेचाळीस होते ५२, बेरीज पुन्हा ७! इथे सगळी ‘जादू’ साताकडे गेली.

१०८९×९=९८०१, संख्या उलटी होते, हेही नवाचं नवल म्हणून सांगतात. पाया ८ मध्ये १०६७×७=७६०१. आपल्या नेहमीच्या लेखनात हाच गुणाकार ५६७×७=३९६९ असा दिसतो आणि उलटापालट कुठेच दिसत नाही. संख्या त्याच, फक्त लिहिण्याची पद्धत बदलली.

नवाचं खरं वेगळेपण हवं असेल तर हे घ्या: ८ म्हणजे २ चा घन, ९ म्हणजे ३ चा वर्ग. धन पूर्णांकांचे वर्ग, घन किंवा त्यावरचे घात यांत लागोपाठची अशी दुसरी जोडीच नाही. गणितज्ञ कातालान यांनी १८४४ मध्ये हा अंदाज मांडला, गणितज्ञ मिहाइलेस्कू यांनी २००२ मध्ये तो सिद्ध केला. कुठल्याही पायात लिहा, हे खरंच राहतं.