मोजणी जुळेपर्यंत

संध्याकाळी तुरुंगातले बंदी बराकीत गेले की कुलूप लावण्याआधी मोजणी होते. कागदावरचा आकडा आणि समोरची डोकी यांत एकाचा जरी फरक निघाला, तरी शिपायाच्या छातीत धस्स होतं. तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. कोणीतरी संडासात असतो, किंवा मोजतानाच चूक झालेली असते. आकडा जुळतो, कुलूप लागतं. शरीर मात्र इतक्या चटकन शांत होत नाही.

मेंदूने धोक्याचा इशारा दिला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी आधी ॲड्रेनलिन आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. घटकाभराच्या संकटासाठी ही सोय उत्तम आहे. तुरुंगात मारामारी रोज होत नाही, पण ती कधीही होईल म्हणून पूर्ण पाळीभर सावध राहावं लागतं. शरीराची झीज होते ती या वाट पाहण्याने. ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी 1993 मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेची मांडणी केली. पुढे त्यातून उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचा धोका वाढतो. त्यात रात्रपाळी आली की झोपेचं आणि कॉर्टिसॉलचं घड्याळही बिघडतं.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलेलं सूत्र: कामाची मागणी मोठी आणि हातात अधिकार थोडा, तिथे ताण सर्वाधिक. शिपायाचं नेमकं तसंच आहे. बंदी आजारी पडला, भांडला, पळाला, तर जाब त्याला. जामीन देणं, गर्दी कमी करणं, रिकामी पदं भरणं यातलं काहीच त्याच्या हातात नाही.

2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक सांगितला आहे. पण 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या 131 टक्के बंदी होते आणि कर्मचाऱ्यांची सुमारे 30 टक्के पदं रिकामी होती. सुमारे 800 बंद्यांसाठीच्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात कित्येक वर्षं तीन हजारांच्या आसपास माणसं राहिली आहेत.

अशी नोकरी वर्षानुवर्षं केलेला माणूस लग्नाच्या पंगतीतही दाराकडे तोंड करून बसू लागतो. घरचे म्हणतात, स्वभावच तिरसट झाला. तो स्वभाव नव्हे, पाळी संपली तरी न उतरलेली सावधगिरी आहे. पदं भरली आणि हक्काची सुट्टी मिळाली, तर तिला उतरायला निदान वेळ मिळेल. आणि गळफास घेतलेल्या बंद्याला ज्याने खाली उतरवलं, त्याला दुसऱ्या संध्याकाळी त्याच बराकीच्या मोजणीला उभं करू नये.