कोल्ड शॉक आणि हायपोथर्मिया: कयाकवरून गळ टाकणाऱ्यांसाठी

गेल्या एप्रिलमध्ये एका मित्राचा फोन आला. सिएटलला येऊन त्याला दोन वर्षं झालीत आणि आता त्याला कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीतून, मासेमारी करायची होती. कयाक, दोन रॉड, फिश फाइंडर, सगळी खरेदी झालेली. लाइफ जॅकेटचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "अगं, घेतलंय की. सीटच्या मागे बांधून ठेवणार, अंगात असलं की गळ फेकताना अडचण होते. आणि हायपोथर्मिया व्हायला तासभर लागतो, मी वाचलंय. किनारा दोनशे मीटरवर. दहा मिनिटांत पोहून येईन."

त्याचं वाचन चुकीचं नव्हतं. हायपोथर्मियाला खरंच वेळ लागतो. पण त्याच्या आधी जे गाठतं, त्याचं नावच त्याने ऐकलं नव्हतं.

मी मालवणची. आमच्याकडे समुद्राचं पाणी वर्षभर २६ ते ३० अंशांच्या आसपास असतं. बाबांबरोबर जेटीवर गळ टाकून बसायचे तेव्हा "पाण्यात पडशील" या धमकीचा अर्थ एवढाच, की कपडे भिजतील आणि आई ओरडेल. भीती लाटेची, भोवऱ्याची, ओढीची. नुसतं पाण्याचं तापमान माणसाला मारू शकतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. सिएटलसमोरची समुद्राची खाडी म्हणजे प्युजेट साउंड. ते हिवाळ्यात ८ अंशांच्या आसपास असतं आणि भर उन्हाळ्यातही मुख्य पात्रात १३-१४ च्या पुढे सहसा जात नाही. साउंडच्या तोंडाशी, ॲडमिरल्टी इनलेटपाशी, समुद्राचा तळ उंबरठ्यासारखा वर आलाय. भरती-ओहोटी त्यावरून पॅसिफिकचं गार पाणी सतत घुसळत आत-बाहेर नेते, त्यामुळे वरचा थर तापायला उसंतच मिळत नाही. जुलैत हवा २८ अंश, अंगात टी-शर्ट, आणि बुडाखाली १२ अंशांचं पाणी. शहराच्या दुसऱ्या अंगाला असलेलं लेक वॉशिंग्टन ऑगस्टमध्ये २० च्या वर जातं. तिथे डुंबून आलेला माणूस साउंडलाही तसंच समजतो.

आता मित्राच्या गल्लतीकडे येते.

थंडीत बंबातलं पाणी संपल्यावर बादलीतल्या गार पाण्याचा तांब्या कधी डोक्यावर ओतून घेतलाय? 'हाऽऽ' करून जो श्वास आत जातो तो आपण घेत नाही, तो आपसूक ओढला जातो. कोल्ड शॉक म्हणजे तोच श्वास. फरक इतकाच, की कयाक उलटली असेल तर त्या क्षणी तोंड पाण्याखाली असतं. त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या टोकांना एकदम धक्का बसतो आणि मेंदूची परवानगी न घेता फुफ्फुसं दोन-तीन लिटर हवा आत ओढतात. हवा नसेल तर पाणी. मग धाप लागते, श्वास नेहमीच्या कित्येक पट वेगाने चालतो, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. कोरड्या जमिनीवर मिनिटभर श्वास रोखू शकणारा माणूस इथे दहा सेकंदही रोखू शकत नाही. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळसाला पोचतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. शरीराचं आतलं तापमान तोवर जवळजवळ जागचं हललेलंही नसतं.

हायपोथर्मियात तेच आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलेलं असतं. पाणी हवेच्या तुलनेत साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं हे खरं, पण लग्नाच्या पंगतीतला भाताचा टोप चुलीवरून उतरवल्यावर लगेच गार होतो का? माणसाचं धडही तसंच. अगदी बर्फाळ पाण्यातसुद्धा प्रौढ माणसाला हायपोथर्मिया गाठायला साधारण अर्धा तास लागतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटं वळेनाशी होतात, जीभ जड होते, माणूस चिडचिडा होतो, दारू प्यायल्यासारखं बरळतो. हुडहुडी थांबली आणि अंग अजून गारच असेल, तर बरं वाटतंय म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. शरीराने थरथरून ऊब निर्माण करणं सोडून दिलेलं असतं.

एक त्वचेचा आणि श्वासाचा मामला, दुसरा रक्ताच्या तापमानाचा. पहिला सेकंदांत मोजायचा, दुसरा तासांत. तरी बातमीत मात्र दोन्ही 'थंड पाण्यात मृत्यू' म्हणूनच येतात, त्यामुळे गल्लत सहज होते.

दोन्हींच्या मधे तिसरा टप्पा आहे आणि कयाकवाल्याचं नशीब बहुतेकदा तिथेच ठरतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी बर्फगार पाण्यात स्वतः उतरून कितीतरी वेळा हे दाखवलंय, आणि लक्षात राहावं म्हणून एक सूत्र दिलंय: १-१०-१. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी १० मिनिटं, आणि हायपोथर्मियाने शुद्ध हरपायला १ तास. दहा मिनिटांनंतर धड गरम असतं पण हातापायांचे स्नायू आणि नसा गारठलेल्या असतात. बोटांना बक्कल लागत नाही, शिट्टी धरवत नाही, पोहणारा हात पाण्यावर नुसता थापटत राहतो.

मित्राचं गणित इथेच कोसळतं. दोनशे मीटर तो जलतरण तलावात पाच मिनिटांत जात असेल. साउंडमध्ये त्याचं पहिलं मिनिट धापेत जाणार, आणि पुढे प्रत्येक मिनिटाला त्याचे हात थोडे थोडे परके होत जाणार. ब्रिटनच्या गृह खात्याच्या १९७७ च्या अहवालात उघड्या पाण्यात बुडून गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आधारापासून तीन मीटरच्या आत होते, आणि दोन तृतीयांश जण चांगले पोहणारे समजले जायचे. तीन मीटर म्हणजे आपल्या दिवाणखान्याची रुंदी!

आणि तो 'तासभर'? तो पाण्यावर तरंगणाऱ्या माणसाचा तास आहे. अंगात लाइफ जॅकेट नसेल तर हायपोथर्मिया होण्याइतका वेळ माणूस तोंड वर ठेवून टिकतच नाही. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने कयाकवर प्रत्येक माणसामागे एक जॅकेट असलं म्हणजे झालं, मोठ्यांनी ते घातलंच पाहिजे असं बंधन नाही. सीटमागे बांधलेल्या जॅकेटने कायदा पाळला जातो, पण उलटल्यावर ते कयाकच्या खाली असतं आणि तुम्ही तिच्या बाजूला.

पाण्यात पडल्यावर हातपाय मारावेत की नाही, या एका प्रश्नाला तीन टप्प्यांत तीन उत्तरं आहेत, म्हणून पाठ केलेला एकच नियम दगा देतो. पहिल्या मिनिटात मारू नयेत. पाठीवर रेलायचं, कान पाण्यात गेले तरी चालतील, तोंड वर, आणि धाप उतरेपर्यंत तरंगायचं. ब्रिटनची आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था हेच शिकवते. नंतरच्या दहा मिनिटांत मात्र आळस नको. कयाक सुलटी करायची, वर चढायचं, रेडिओवर १६ नंबरचं चॅनेल लावून मदत मागायची, सगळं तेव्हाच. आणि चढता आलंच नाही तर पुन्हा शांत: गुडघे छातीशी, हात काखेशी घट्ट, कयाक सोडायची नाही. आता हालचाल केली की अंगाभोवतीचं जरा कोमट झालेलं पाणी निघून जातं आणि ऊब लवकर संपते.

सवयीच्या बाबतीतही कोल्ड शॉक आणि हायपोथर्मियाचे स्वभाव वेगळे. काही मिनिटांच्या पाच-सहा थंड डुबक्या घेतल्या तरी कोल्ड शॉकचा जोर निम्म्यावर येऊ शकतो आणि हा फायदा काही महिने टिकतो. या विषयावर पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी बरंच काम केलंय. पण सवयीने रक्त गार व्हायचं थांबत नाही. इथे बारमाही समुद्रात पोहणारी एक टोळी आहे, त्यांच्यातले काही जण "आम्हाला काही होत नाही" असं छातीठोकपणे सांगतात. पहिल्या मिनिटापुरतं ते खरं असेलही. आणि ज्याला हृदयविकार आहे त्याने हे प्रयोग करूच नयेत. थंडीचा धक्का हृदयाला पळवतो, तर तोंड पाण्याखाली गेलं की दुसरी प्रतिक्रिया त्याला मंदावते. या ओढाताणीत ठोके बिघडू शकतात, अगदी पोहणं येत असताना.

कपड्यांत काय घालावं यावर इथे दुकानात तासभर चर्चा होते, मी थोडक्यात आटोपते. वेटसूटचं निओप्रीन, म्हणजे फोमसारखं रबर, अंगालगत पाण्याचा पातळ थर अडकवून ठेवतं. घट्ट बसला तर तो धक्काही कमी करतो आणि ऊबही धरतो, पण उन्हात तासन् तास बसून मासे पकडायला कंटाळवाणा. ड्रायसूट मनगट आणि गळ्याशी रबराने बंद होतो, पाणी त्वचेपर्यंत पोचूच देत नाही. धक्क्यावर याच्याइतका उपाय नाही. पण त्याला स्वतःची ऊब नसते. आत सुती बनियन घालून गेलात तर पहिलं मिनिट निभावेल आणि तासाभरात काकडाल. आत लोकर किंवा फ्लीस हवं. नदीत उभं राहून मासे धरायचे वेडर, म्हणजे पावलांपासून छातीपर्यंतची जलरोधक विजार, घालून कयाकवर बसणारे इथे भरपूर आहेत. त्यात पाणी शिरलं की माणूस खाली ओढला जातो ही समजूत चुकीची आहे, पाण्यात पाण्याचं वजन जाणवत नाही. पण ते भरलेले वेडर घेऊन कयाकवर चढून बघा! दोन बादल्या पायांना बांधून जिना चढण्यासारखं आहे ते. शेवटी कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घालायचे असतात. सकाळी गाडीत घाम आला तरी चालेल.

कयाक उलटते कधी? लाटेपेक्षा जास्त वेळा मासा वर घेताना. मे महिन्यात लिंगकॉडचा हंगाम उघडतो, खडकाळ तळावरून पाच-सात किलोचं धूड वर येतं, माणूस एका हातात रॉड आणि दुसऱ्या हातात जाळं घेऊन एकाच बाजूला वाकतो, नजर माशावर. डोकं कडेच्या बाहेर गेलं की बाकीचं शरीर मागून येतं. शिवाय प्रत्येक रॉडला दोरी, फिश फाइंडरला वायर, गळाला हूक. पाण्यात पडल्यावर ही सगळी जत्रा आजूबाजूला तरंगते. जॅकेटच्या खिशात, एका हाताला लागेल असा बोथट टोकाचा चाकू त्यासाठीच ठेवायचा. ओहोटी जोरात असताना मागच्या टोकाला नांगर बांधणारे लोकही पाहिलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याबरोबर जात नाही.

वाचवणाऱ्यालाही हा फरक कळायला हवा. मिनिटाभरात बाहेर काढलेला माणूस गारठलेला नसतो. त्याला शेकोटीची घाई नाही, पण पाणी गिळलंय का, खोकतोय का, श्वास लागतोय का, हे बघायचं. फुफ्फुसात पाणी गेल्याची शंका असेल तर "आता बरं वाटतंय" यावर विसंबून घरी पाठवायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. तासभर पाण्यात असलेल्याची गोष्ट उलटी. त्याला शक्यतो आडवाच उचलायचा. पाण्याचा चहूबाजूंचा दाब एकदम गेला की रक्तदाब कोसळतो आणि वाचला असं वाटलेला माणूस होडीतच दगावू शकतो. ओले कपडे कापून काढावेत, कोरडं पांघरूण घालावं, हातपाय चोळू नयेत, चालायला लावू नये. पुरता शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम, गोड चहा. ब्रँडी नको, ती त्वचेकडे रक्त पाठवते आणि उरलीसुरली ऊब घालवते.

फोनवर मी मित्राला यातलं निम्मंच सांगितलं. बाकीचं त्याच शनिवारी लेक वॉशिंग्टनच्या काठावर, छातीएवढ्या पाण्यात. एप्रिलमध्ये ते तळंही दहाएक अंशांवर असतं. भाड्याचा वेटसूट, जॅकेट अंगात, मी शेजारी उभी. पहिल्यांदा कयाक उलटवली तेव्हा त्याने पाण्यातून तोंड वर काढलं आणि काही बोलायला गेला, तर नुसताच 'हा, हा, हा' असा आवाज. पोट कडेवर, मग वळून बूड सीटवर, मग पाय आत, हा क्रम त्याने व्हिडिओवर शंभरदा पाहिला होता. चढता आलं ते पाचव्या खेपेला, घड्याळात बारा मिनिटं झाल्यावर. काठावर आल्यावर जॅकेट काढायला त्याने बक्कल चिमटीत धरायचा तीनदा प्रयत्न केला, मग दोन्ही हात बाजूला करून उभा राहिला. ते मी उघडून दिलं.