अभयारण्यात तंबू आणि गाडी नेताय? परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

मे संपता संपता भंडारदऱ्याकडे काजवे बघायला निघालेल्या गाड्यांच्या डिक्कीत तंबू, शेगडी, कोळसा, स्पीकर असं सगळं भरलेलं असतं. आपण अभयारण्यात चाललोय हे मात्र त्यातल्या अनेकांना नाक्यावर गाडी थांबवल्यावरच कळतं. धरणामागचा रतनवाडी, साम्रद, घाटघर हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अकोले तालुक्यातलं हे अभयारण्य १९८६ साली घोषित झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. इथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. खालची कलमं त्याच कायद्यातली असून ती देशातल्या सगळ्याच अभयारण्यांना लागू होतात.

सगळ्यात आधी पात्रता. कलम २७ प्रमाणे परवान्याशिवाय आत जाता येतं ते मोजक्यांनाच: कामावर असलेले सरकारी कर्मचारी, आत राहण्याची परवानगी असलेले लोक, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले, या सगळ्यांवर अवलंबून असलेले कुटुंबीय, आणि सार्वजनिक रस्त्याने नुसते पार होणारे प्रवासी. बाकी सगळ्यांना कलम २८ खाली परवानगी लागते. ती पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास, संशोधन किंवा आतल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार अशा कारणांसाठी मिळते. सार्वजनिक रस्त्याची सूट फक्त पार होण्यापुरती आहे. गाडी कडेला लावून झाडीत शिरलात की ती संपली.

पर्यटकाला ही परवानगी नाक्यावरच्या पावतीच्या रूपात मिळते. वेगळा अर्ज लिहावा लागत नाही. माणसांची संख्या आणि गाडीचा क्रमांक सांगायचा, शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची. पावती मागूनच घ्या, तिच्यावरची तारीख आणि गाडीचा क्रमांक तिथेच तपासा आणि परत येईपर्यंत जपून ठेवा. सोबत प्रत्येकाचं ओळखपत्र असू द्या. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना, काहीही चालेल. गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसीही हवं. डोंगरात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे सगळं फोनवर विसंबून ठेवू नका. ग्रुप मोठा असेल तर नावांची यादी आधीच छापून न्या, नाक्यावर वेळ वाचतो.

आता तंबू. सगळा घोळ इथेच होतो. प्रवेशाची पावती म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे. वनजमिनीवर स्वतःच्या मनाने तंबू ठोकता येत नाही. जलाशयाचा काठ मोकळा दिसला तरी ती जमीन सरकारीच असते. सरळ मार्ग म्हणजे गावात उतरणं. साम्रद, रतनवाडी, पांजरे, उडदावणे इथले लोक आपल्या मालकीच्या जागेत तंबू लावून देतात आणि घरचं जेवणही करून घालतात. बुकिंग करताना एकच प्रश्न ठामपणे विचारा: जागा मालकीची आहे की वनखात्याची? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे पैसे भरू नका. मालकीच्या जागेत राहिलात तरी प्रवेशाची पावती तुम्हाला लागतेच. गडावर किंवा सांदण दरीजवळ रात्र काढायचा विचार असेल तर भंडारदरा किंवा राजूर यांपैकी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या, कारण मुक्कामाच्या आणि रात्रीच्या वेळेच्या सूचना हंगामाप्रमाणे बदलतात.

कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा गुन्हा आहे. मे महिन्यात वाळलेल्या गवताशेजारी शेकोटी केली तर वेगळं काय होणार? कचरा टाकणं आणि प्राण्यांना त्रास देणं कलम २७ मध्येच मना आहे. शस्त्र नेण्यावर कलम ३१ ची बंदी आहे.

गाडी चालवताना रस्ता सोडून माळावर किंवा काठावर उतरवू नका. हॉर्न वाजवू नका, गाणी लावू नका. काजव्यांच्या झाडापासून गाडी लांब उभी करा आणि दिवे पूर्ण बंद करा. नर-मादी एकमेकांना शोधतात ते या लुकलुकण्यावरूनच. हेडलाइटचा झोत पडला की झाडावरची लय तुटताना डोळ्यांना दिसते. त्यांची अंडी ओल्या मातीत असतात, म्हणून फोटोसाठी झाडाच्या बुंध्याशी जाणंही टाळा.

व्याघ्र प्रकल्पात नियम याहून कडक आहेत. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात सफारीला स्वतःची गाडी नेता येत नाही. ऑनलाइन आरक्षण, नोंदणीकृत जिप्सी आणि सोबत गाइड हे सक्तीचं आहे. गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं आणि मोबाइल आत नेता येत नाही. मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद ठेवतात. गाडीतून उतरायचं नाही आणि प्राण्याची वाट अडवायची नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना घेरलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि चालक-गाइडवर कारवाई झाली. जिप्सी पुढे घ्यायचा आग्रह आपण धरू नये, कारण नोकरी त्यांची जाते.

नियम मोडल्यास कलम ५१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची ही मर्यादा २०२२ च्या दुरुस्तीने २५ हजारांवरून वाढवली. गुन्ह्यात वापरलेली गाडीही जप्त होऊ शकते.

लघुपट, जाहिरात, ड्रोन किंवा संशोधन यासाठी नाक्यावरची पावती चालत नाही. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे लेखी अर्ज करावा लागतो. त्यांचं कार्यालय नागपुरात आहे. अर्जात कारण, नेमकी ठिकाणं, तारखा, माणसांची आणि गाड्यांची यादी, साहित्याचा तपशील आणि संस्थेचं पत्र असावं. अर्जाची एक प्रत त्या भागाच्या वन्यजीव विभागाकडे द्या, कळसूबाईसाठी ती नाशिकला. परवानगीचा कागद हातात पडेपर्यंत कुणाच्याही तारखा पक्क्या करू नका.