जाळी सोडायची कधी?

मे महिना लागला की कोल्हापुरात स्टँडच्या आसपास डोंगरातल्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसतात. पानाच्या द्रोणात मापून दिलेली ती काळीभोर फळं आपण चालता चालता संपवतो. ती गोळा करण्यामागं केवढा हिशोब असतो हे मला राधानगरीच्या बाजूला एका धनगरवाड्यातल्या मावशींबरोबर डोंगरात गेलो तेव्हा कळलं.

पहिलीच जाळी फळांनी लगडलेली होती. मी तिथंच ठाण मांडलं. वरची फळं संपली तशा फांद्या उचलून आतली शोधायला लागलो. बोटं चिकानं चिकटलेली, मनगटावर काट्यांचे ओरखडे, आणि आता मिनिटाला जेमतेम चार-पाच करवंदं हाती लागत होती. मावशी तोवर तिसऱ्या जाळीवर पोचल्या होत्या. तिथूनच हाक आली, "एकाच जाळीला किती येळ बसायलायसा? चला की फुडं!" त्यांची पाटी माझ्या दुप्पट भरली होती. त्यांनी मागं सोडलेल्या जाळ्यांत मात्र फळं दिसत होती, आणि ती बघून माझा जीव हळहळत होता.

हाताशी अन्न असताना तिथून उठायचं कधी, हा प्रश्न जनावरांनाही रोज पडतो. मला तर अन्न शोधण्यापेक्षा हाच प्रश्न अवघड वाटतो. 1976 साली एरिक चार्नोव्ह या जीवशास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं. समजा, जाळीवर पहिल्या मिनिटाला वीस करवंदं मिळतात, मग पंधरा, मग दहा, मग पाच. सगळ्या डोंगरावर फिरून, चालण्याचा वेळही धरून, सरासरी मिनिटाला आठ पडतात. तर या जाळीवरचा वेग आठाच्या खाली गेला की उठायचं. जाळी रिकामी होण्याची वाट बघत बसलं तर तेवढ्या वेळात पुढच्या जाळीवर मिळालं असतं ते बुडतं. मावशींना त्या डोंगराची सरासरी वर्षानुवर्षांच्या सरावानं ठाऊक होती. मला फक्त समोरची जाळी दिसत होती.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघते. जाळ्या जवळजवळ असतील तर लवकर उठावं, लांब असतील तर जास्त थांबावं. हे पक्ष्यांवर पडताळून पाहिलेलं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांचा युरोपातला भाऊबंद म्हणजे स्टार्लिंग. पिल्लांसाठी चारा नेणाऱ्या स्टार्लिंगांना अ‍ॅलेक्स काचेलनिक या शास्त्रज्ञानं एका नळीतून अळ्या टाकून दिल्या. पहिल्या अळ्या भराभर, नंतरची प्रत्येक अळी आधीच्यापेक्षा उशिरानं. घरटं जवळ असलं की पक्षी थोड्या अळ्या घेऊन उडायचा, लांब असलं की थांबून चोच जास्त भरायचा. 1984 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढं 2013 मध्ये जेरेमी वुल्फ यांनी माणसांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर झुडपांवरची फळं तोडायला लावली, तेव्हा माणसंही साधारण याच हिशोबानं झुडूप सोडत होती.

कोल्हापूरच्या आसपास हे बघायला लांब जावं लागत नाही. ऊस तुटून गेलेल्या रानात ट्रॅक्टर नांगर घेऊन शिरला की गायबगळे कुठून तरी येतातच. उलटलेल्या ढेकळांतून किडे बाहेर पडतात, ते टिपायला बगळा नांगराच्या मागं अगदी वावभर अंतरावर चालतो. म्हशीमागं चालतानाही त्याचं तसंच: कमी पावलांत जास्त किडे. ड्रायव्हर चहाला उतरला की थोडा वेळ सगळे बगळे आहेत तिथंच चोची मारतात, मग एकेक उठून दुसऱ्या रानाकडं वळतो. मातीत किडे तेव्हाही असतातच, पण ते शोधायला आता खूप चालावं लागणार असतं.

मधमाश्यांचं तर आणखी नवल. अन्न सापडलेली माशी पोळ्यात नाचून इतर माश्यांना दिशा आणि अंतर सांगते. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चं नोबेल मिळालं. पण 'तिकडं जाऊ नका' असंही सांगता येतं, हे त्यामानानं कमी लोकांना माहीत असतं. खायच्या जागी जिच्यावर हल्ला झाला ती माशी परत येऊन, त्याच जागेसाठी नाचणाऱ्या माशीला डोक्यानं ढुशी देते आणि क्षणभर थरथरून आवाज काढते. नाच थांबतो. जेम्स नी यांनी 2010 मध्ये हे दाखवून दिलं. गुऱ्हाळावर रसाच्या पिंपाभोवती घोंगावणाऱ्या माश्या बघताना मला आता त्या ढुशीची आठवण येते.

दुपारी उतरताना मावशींना विचारलंच, एवढी फळं मागं का ठेवली? "ती अजून लाल हाईत. चार दिसांनी परत यायचंच हाय." म्हणजे त्यांच्या हिशोबात जाळी पुन्हा पिकण्याचा वेळही धरलेला होता. मग पाटी हलवून त्यांनी वजनाचा अंदाज घेतला. रस्ता अजून तासभर लांब, पुढं कोल्हापूरची एसटी. वाटेतल्या शेवटच्या जाळीपाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या आणि पाटी काठोकाठ भरल्यावरच उठल्या.