परदेशी फंडाची तुलना नेमकी कशाशी करायची?

"नॅस्डॅक एवढा वर गेला, मग आमचा फंड मागे का?" हा प्रश्न आमच्या कार्यालयात दर आठवड्याला येतो. आम्ही उलट विचारतो : तुमचा फंड नॅस्डॅकमधले, म्हणजे त्या अमेरिकी निर्देशांकातले, शेअर घेतो का? बरेचदा उत्तर 'नाही' असतं. फंडाच्या फॅक्टशीटवर, म्हणजे माहितीपत्रकावर, त्याचा बेंचमार्क (ज्याच्याशी कामगिरी ताडायची तो निर्देशांक) छापलेला असतो. तुलना करायची ती त्याच्याशीच.

बेंचमार्कच्या नावावर मात्र जाऊ नका. निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय कंपनीचा 'एमएससीआय वर्ल्ड' म्हणजे सगळं जग असं वाटतं, पण त्यात 23 विकसित देशच आहेत. भारत नाही, चीनही नाही, आणि निम्म्याहून बराच जास्त हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारतासकट जग हवं असेल तर तिचाच 'एमएससीआय एसीडब्ल्यूआय' बघा. तिच्याच 'ईएएफई'मध्ये याउलट अमेरिका आणि कॅनडा सोडून बाकीचे विकसित देश येतात. दक्षिण कोरियाची तर गंमतच आहे. एमएससीआय त्याला उदयोन्मुख बाजार (इमर्जिंग मार्केट) मानतं, एफटीएसई ही दुसरी निर्देशांक कंपनी विकसित. म्हणजे 'इमर्जिंग मार्केट' नावाच्या दोन फंडांपैकी एकात सॅमसंग असेल, दुसऱ्यात नसेल.

हिशोबाची पद्धतही एकसारखी नसते. जपानच्या निक्केई 225 या निर्देशांकात कंपनीचं वजन, म्हणजे तिचा हिस्सा, ठरतं ते शेअरच्या भावावरून, कंपनीच्या आकारावरून नव्हे. त्यामुळे टोयोटापेक्षा युनिक्लो कपड्यांवाल्या फास्ट रिटेलिंगचा धक्का त्याला जास्त बसतो. जपानचा सगळा बाजार बघायचा तर आमच्या मते टोपिक्स हा तिथलाच दुसरा निर्देशांक बरा.

सगळ्यात जास्त घोळ लाभांशाचा. जर्मनीच्या डॅक्स निर्देशांकाचा जो आकडा बातम्यांत दिसतो त्यात लाभांश धरलेला असतो, लंडनच्या एफटीएसई 100 मध्ये नसतो. दोघांचे आलेख शेजारी ठेवून जर्मनी पुढे म्हणणं हे पगार आणि बोनसची बेरीज दुसऱ्याच्या नुसत्या पगाराशी ताडण्यासारखं आहे. आपल्याकडे सेबी या बाजार नियामकाने 1 फेब्रुवारी 2018 पासून म्युच्युअल फंडांना लाभांशासह मोजलेला निर्देशांक, म्हणजे टीआरआय, वापरायला लावला. फॅक्टशीटवर ही तीन अक्षरं शोधा.

राहिला रुपया. डॉलरमधला निर्देशांक 8 टक्के वाढला आणि त्याच वर्षी डॉलर रुपयात 4 टक्के महागला, तर रुपयातली वाढ 12.3 टक्के होते. डॉलर स्वस्त झाला की हेच उलटं. म्हणून टीव्हीवरचा आकडा तुमच्या स्टेटमेंटशी जुळत नाही.

पुढच्या भेटीला फॅक्टशीट घेऊन या, बेंचमार्कची ओळ सोबत बसून वाचू.

म्युच्युअल फंडांतील गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन असते. योजनेची सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.