कॅमेऱ्याखाली कधीच न गेलेले सेल

सेल म्हणजे अ‍ॅनिमेशनपटातली आकृती रंगवलेली पारदर्शक शीट. अशा शीट एकामागोमाग कॅमेऱ्याखाली ठेवून चित्रपट तयार होई. 'द लिटल मर्मेड' (१९८९) हा हाताने रंगवलेल्या सेलवर उभा राहिलेला डिस्नेचा शेवटचा मोठा चित्रपट. पुढच्याच वर्षी 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' आला. त्यात अ‍ॅनिमेटरांची पेन्सिलची रेखाटनं स्कॅन करून रंग थेट संगणकावर भरले होते. तरीही १९९२ मध्ये न्यूयॉर्कला 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या सेलचा लिलाव झाला आणि १९९५ मध्ये 'द लायन किंग'च्या सेलचा. या दोन्ही चित्रपटांचे रंग संगणकावर भरलेले. त्यांच्यासाठी सेल रंगवून कॅमेऱ्याखाली ठेवलेच नव्हते. विकले गेलेले सेल चित्रपट पूर्ण झाल्यावर, विक्रीसाठी मुद्दाम रंगवून घेतलेले होते. हे करायला हवं होतं का, यावर संग्राहकांचं आजही एकमत नाही.

सेलच्या जन्माबद्दल फार लिहायला नको. १९१४ च्या डिसेंबरमध्ये एका अमेरिकी व्यंगचित्रकाराने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं, आणि पार्श्वचित्र तसंच ठेवून हलणाऱ्या आकृतीची पारदर्शक शीट तेवढी बदलत जायची, हे तंत्र रुजलं. शीट महाग असे. त्यामुळे चित्रीकरण उरकलं की शाई आणि रंग धुऊन तीच शीट पुन्हा कामाला घेत. सुरुवातीच्या शीट नायट्रेटच्या, म्हणजे ज्वालाग्राही. त्या काळातले सेल आज इतके दुर्मीळ का, याचं कारण यातच आहे.

विक्री सुरू झाली ती डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'पासून. डिसेंबर १९३७ मध्ये चित्रपट झळकला आणि १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गॅलरीशी करार झाला. निवडक काही हजार सेल विक्रीला काढले, उरलेले नष्ट केले. विकलेल्या सेलमागे चित्रपटातलं मूळ पार्श्वचित्र क्वचितच असे. त्याऐवजी लाकडाचा पातळ पापुद्रा, नक्षीचा कागद किंवा एअरब्रशने मारलेला रंग लावलेला असे. म्हणजे 'मूळचं' आणि 'नंतर जोडलेलं' यांची सरमिसळ अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. १९५५ नंतर कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये सेल अगदी किरकोळ किमतीत, सहलीची आठवण म्हणून विकले गेले. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसावेत म्हणून त्यांच्या कडा कापल्या. त्या कडांवरच पेगची, म्हणजे शीट जागेवर पक्की बसवणाऱ्या खुंट्यांची, भोकं आणि अनुक्रमांक असत. आज एखादा सेल नेमका कुठल्या फ्रेमचा हे शोधताना याच कापाकापीचा सर्वात जास्त त्रास होतो.

पुढची काही दशकं हा छंद थोड्यांपुरता राहिला. बाजार उघडला तो १९८४ च्या डिसेंबरमध्ये, न्यूयॉर्कमध्ये डिस्नेच्या एका माजी कर्मचाऱ्याच्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा. स्टुडिओ जे टाकून द्यायला निघाला होता ते या गृहस्थांनी परवानगीने घरी नेऊन सांभाळलं होतं. या इतिहासातलं त्यांचं ऋण फार मोठं आहे, असं मला वाटतं. १९८९ मध्ये १९३४ सालच्या एका कृष्णधवल लघुपटातल्या सेलला पार्श्वचित्रासह २,८६,००० डॉलर आले. त्याच वर्षी 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'च्या सेलचाही लिलाव झाला. या चित्रपटातली पात्रं जिवंत नटांच्या चित्रीकरणावर नंतर बसवलेली, त्यामुळे त्या सेलना रंगवलेलं पार्श्वचित्र मुळातच नव्हतं. विकताना मागे दृश्याचं छायाचित्र लावलं. तरी ते सेल स्वतः कॅमेऱ्याखालून गेलेले होते, हा फरक महत्त्वाचा.

आणि नेमक्या याच वेळी, भाव चढत असताना, स्टुडिओच्या कामातून सेल संपला. १९९२ चा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहायला हवा.

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. लपवाछपवी नव्हती, हे सेल खास तयार केलेले आहेत हे उघड होतं. रेषा अ‍ॅनिमेटरच्या खऱ्या रेखाटनांवरून उतरवलेली होती. १९३८ मध्ये गॅलरीने मागे लाकडाचा पापुद्रा लावला तो चालतो, तर हे का नको, असंही ते विचारतात. मला सगळ्यात जास्त पटणारा मुद्दा मात्र वेगळा आहे. शाई आणि रंगाचं हे काम अनेक दशकं मुख्यतः स्त्रियांनी केलं आणि पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली. रेषेची जाडी हाताने सांभाळत जाण्याचं ते कसब या खास सेलमुळे काही काळ तरी टिकलं.

तरीही मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. निर्मितीतला सेल हा पुरावा असतो. कोपऱ्यातला आकडा, पेगची भोकं, मागच्या बाजूला भरलेला रंग, कधी घाईत राहिलेला एखादा डाग, हे सगळं एका ठरावीक फ्रेमशी जुळवता येतं. ती फ्रेम या शीटशिवाय अस्तित्वातच आली नसती. खास सेलच्या बाबतीत फ्रेम आधी झाली आणि सेल नंतर. तो सुंदर असेल, कष्टाचाही असेल, पण चित्रपट घडताना तो तिथे नव्हता. 'द लायन किंग' खरोखर ज्यातून घडला ती म्हणजे पेन्सिलची रेखाटनं आणि कागदावर रंगवून मग स्कॅन केलेली पार्श्वचित्रं. भिंतीवर लावायला रंगीत सेल हवा, या हौसेपायी पेन्सिलच्या कामाकडे बाजाराने फार उशिरा पाहिलं. त्यातच स्क्रीनप्रिंटने छापलेले, काही हजार प्रतींचे सेरिसेल दुकानांत आले. सेल आणि सेरिसेल यांतला फरक न कळता ते विकत घेणारे चाहते पुढे विकायला गेले तेव्हा निराश झाले.

जपानमध्ये हा गोंधळ कमी झाला, कारण तिथे प्रकार आधीपासून वेगळे मानले गेले. मासिकांची मुखपृष्ठं आणि पोस्टर यांसाठी रंगवलेला तो 'हांकेन सेल', आणि चित्रीकरणातला तो वेगळा. दोन्हींना चाहते आहेत, भावही आहेत, पण एक दुसऱ्याच्या नावावर सहसा विकला जात नाही. चित्रीकरणातल्या सेलवर थराचं अक्षर आणि क्रमांक असतो, ए-१, बी-७ असा. मागे पेन्सिलचं रेखाटन अनेकदा रंगाला चिकटलेलं सापडतं. जाणकार ते ओढून काढत नाहीत. 'अकिरा'साठी (१९८८) १,६०,००० हून अधिक सेल लागले असं सांगितलं जातं. एवढा ढीग ठेवायला स्टुडिओंकडे जागा कुठली! पुष्कळ फेकले गेले, काही चाहत्यांना मिळाले. टोकियोतल्या नाकानो ब्रॉडवेच्या दुकानांत ते आजही विकायला असतात. तिथल्या दूरचित्रवाणीवर 'साझाए-सान' ही मालिका सप्टेंबर २०१३ पर्यंत सेलवर होत राहिली.

भारत-जपान सहनिर्मितीचा 'रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स राम' (१९९२) याच सेलयुगाच्या अखेरचा. जानेवारी २०२५ मध्ये तो ४के रूपात आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. जुने सेलपट अशा मोठ्या पडद्यावर पाहताना शीटच्या थरांची पुसटशी सावली किंवा रंगाची किंचित कमी-जास्त छटा दिसते. चित्र 'स्वच्छ' करण्याच्या नादात अशा खुणा पुसू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रश्न टिकण्याचा आहे. नायट्रेटनंतरचे सेल अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे. ते हळूहळू आक्रसतात, लाटेसारखे वाकतात, त्यांना व्हिनेगरचा वास येऊ लागतो आणि मागचा रंग सुटतो. हवाबंद चौकटीत हा बिघाड वाढतो. लॉस एंजेलिसमधल्या एका संवर्धन संस्थेने २००९ पासून डिस्नेच्या संग्रहासोबत यावर संशोधन केलं आणि नियंत्रित आर्द्रतेत सुटलेला मूळ रंग पुन्हा शीटला चिकटवण्याची पद्धत अभ्यासली. बाजारातली जुनी रीत मात्र तडकलेला रंग खरवडून नवा भरण्याची आहे. तसं केलं की कॅमेऱ्याखालून गेलेली उरते ती फक्त शाईची रेषा, आणि १९९२ चाच वाद पुन्हा उभा राहतो. लिलावाच्या यादीत अशा सेलपुढे पुष्कळदा 'रिस्टोर्ड' एवढंच छापलेलं असतं. किती रंग मूळचा आणि किती नंतरचा, हे प्रत्येक नोंदीत लिहिणं बंधनकारक व्हायला हवं.