पक्ष्यांच्या नावांतला ‘ध’चा ‘डा’

मार्च उजाडला की पहाटे, अजून रिक्षांचा आवाज सुरू व्हायचा असतो तेव्हा, शेवग्याच्या शेंड्यावर किंवा गच्चीतल्या अँटेनावर बसून एक काळा-पांढरा पक्षी शीळ घालू लागतो. हा दयाळ. नावावरून वाटावं, स्वभाव कनवाळू असणार. पण विणीच्या दिवसांत दुसरा नर हद्दीत शिरला तर हा त्याला पिटाळून लावतो. त्याच्या नावाचा दयेशी संबंध नसावा. हिंदीत दहियल, बंगालीत दोयेल, तोच आपल्याकडे दयाळ. अनोळखी शब्द कानावर पडला की जीभ त्याला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालते.

युरोपीय लोकांनी या पक्ष्याच्या नावाची त्याहून मोठी गंमत केली. ‘धयाल’ असं काहीसं ऐकून एलिझार आल्बिन या चित्रकाराने 1730च्या दशकात त्याला ‘डायल बर्ड’ म्हटलं. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याचं आपण ऐकत आलो. इथे ‘ध’चा ‘डा’ झाला. पुढे ल व्हायाँ या फ्रेंच पक्षिअभ्यासकाला वाटलं, डायल म्हणजे सूर्यघड्याळाची तबकडी. त्याने सरळ फ्रेंच भाषांतर करून टाकलं! दरम्यान सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने 1758 मध्ये या पक्ष्याला ‘सॉलॅरिस’ हे शास्त्रीय नाव दिलं होतं. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्या जर्डन या इंग्रज अभ्यासकाने तर्क लढवला, की लिनियसच्या मनात सूर्याशी नातं सांगणारं ‘सोलॅरिस’ असणार, लिहिताना हात घसरला.

तर्क देखणा होता, पण एडवर्ड ब्लिथ या दुसऱ्या इंग्रज पक्षिअभ्यासकाने तो खोडून काढला. लिनियसच्या कितीतरी आधी मद्रासहून एडवर्ड बल्कली नावाच्या शल्यवैद्याने या पक्ष्याचा एक नर लंडनला जेम्स पेटिव्हर या संग्राहकाकडे पाठवला होता, आणि सोबत नाव लिहिलं होतं ‘सॉलरी’. ब्लिथच्या मते हा हिंदी शब्द, अर्थ शंभर गाणी. दयाळाची पहाटेची मैफल ज्याने ऐकली आहे त्याला ब्लिथचं म्हणणं लगेच पटेल. मला तरी पटतं. म्हणजे जे शुद्धलेखनाची चूक समजलं गेलं तेच मूळ नावाच्या जास्त जवळचं निघालं.

समजा, जर्डनचं खरं ठरलं असतं, तरी नाव बदललं असतं का? बहुधा नाही. प्राण्यांच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्यानुसार पहिल्यांदा छापलेलं स्पेलिंग सहसा तसंच ठेवायचं असतं. ती चूक अनवधानाने झाली, हे त्याच मूळ लेखनातून स्पष्ट दिसत असेल तरच दुरुस्ती करता येते. लॅटिन रूप ओबडधोबड झालं हे कारण चालत नाही. म्हणूनच बंगालवरून नाव मिळालेल्या आपल्या पक्ष्यांत दोन तऱ्हा दिसतात. नीळकंठाच्या नावात लिनियसने ‘जी’नंतर ‘एच’ घातला, म्हणून ते ‘बेंघालेन्सिस’. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला 1788 मध्ये ग्मेलिन या जर्मन अभ्यासकाने नाव दिलं तेव्हा ‘एच’ गळला, म्हणून ते ‘बेंगालेन्सिस’. प्रांत एकच, दोन्ही स्पेलिंगं बरोबर, आणि अदलाबदल केली की दोन्ही चूक. यादी तपासताना वैताग येतो खरा.

शेवटचा प्रत्यय मात्र व्याकरणाप्रमाणे बदलतो. जुन्या पुस्तकांत कोकिळ ‘स्कोलोपेसिया’ आहे, नव्यांत ‘स्कोलोपेसियस’, कारण शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे ‘जीनस’चं नाव, पुल्लिंगी धरलं गेलं.

इंग्रजी नावांच्या उच्चारांवरून मी कुणाला टोकत नाही. ‘आयबिस’ला कुणी इबिस म्हटलं, ‘हूपू’ला हूपो म्हटलं, तरी कोणता पक्षी ते कळतं. खरा घोटाळा होतो तो याच हूपूला, म्हणजे हुदहुदला, आपल्याकडे कित्येकजण सुतार म्हणतात तेव्हा. सुतार खोडावर चढतो, लाकडावर चोच आपटतो. हुदहुद जमिनीवर चालत लांब चोच मातीत खुपसून किडे काढतो. इथे अक्षर नाही, पक्षीच बदलतो.

आणि एका पक्ष्याला म्हणे स्पेलिंगच्या नुसत्या भीतीनेच मानाचं पान गमवावं लागलं. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींचा कौल माळढोकाला होता. पण त्याच्या ‘बस्टर्ड’ या इंग्रजी नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की शिवी होते, आणि माळढोक मागे पडण्याचं हेही एक कारण होतं असं सांगतात. 1963 मध्ये मान मोराला मिळाला. बस्टर्ड हा शब्द ज्या लॅटिन शब्दांवरून आला त्यांचा अर्थ ‘मंद पक्षी’. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्याने माळढोकाला लांब टांगा टाकत गवतात नाहीसं होताना पाहिलं असेल, तो त्याला मंद म्हणणार नाही.